बिनइंजिनाच्या शर्यतीचा हिशेब

बॉल बेअरिंगच्या कडेवर एक आकडा कोरलेला असतो. ६२०२, ६२०३, ६२०४, असा काहीतरी. बोरीवली पूर्वेला हायवेच्या कडेच्या गॅरेजांत गाड्यांमधून उतरवलेली जुनी बेअरिंग एखाद्या तेलकट डब्यात पडून असतात. मे महिन्याच्या सुट्टीत एखादा पोरगा दारात येऊन उभा राहिला की मिस्त्री आधी विचारतो, "कुठल्या नंबरची?" नंबर कुणाला माहीत असतो? पोरगा अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करून दाखवतो. "एवढी. पण चारही सारखी द्या हां काका."

त्या आकड्यात केवढी माहिती कोंबलेली आहे ते पाहा. शेवटचे दोन अंक म्हणजे आतल्या भोकाचं माप. ०४ पासून पुढे सरळ पाचाने गुणायचं. ०४ असेल तर भोक २० मिलिमीटरचं, ०५ असेल तर २५ चं. त्याच्या खालचे चार तेवढे हट्टी, त्यांना हा नियम लागू नाही: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिलिमीटर. पहिला ६ सांगतो की हे छऱ्यांच्या एकेरी रांगेचं, खोल खोबणीचं साधं बेअरिंग आहे. त्यापुढचा २ सांगतो ते बाहेरून किती जाडजूड आहे. म्हणजे ६२०३ म्हटलं की आतून १७, बाहेरून ४०, रुंदीला १२ मिलिमीटर. चिंचवडला बनलेलं असो, जपानात की स्वीडनमध्ये, माप तेच. दोन वेगळ्या गॅरेजांतून आणलेल्या, दोन वेगळ्या यंत्रांतून निघालेल्या बेअरिंगांवर ६२०३ असेल तर ती एका धुऱ्याच्या दोन टोकांना बिनदिक्कत बसवावीत. पोराचं 'चारही सारखी' हे मागणं जगभरच्या कारखान्यांनी असं आधीच मान्य करून ठेवलेलं आहे.

हे मागणं कशासाठी, ते चाळीत किंवा उताराच्या गावात वाढलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. एक फळी, दोन आडवे दांडे, पुढचा दांडा फिरता राहावा म्हणून मधोमध एक बोल्ट आणि दोन वॉशर, चार टोकांना चार बेअरिंग. सुकाणू म्हणून सुतळी, नाहीतर स्वतःचे पाय. पेडल नाही, चेन नाही, ब्रेक म्हणजे चप्पल. बेअरिंगची गाडी! सिमेंटच्या रस्त्यावर ती सुटली की तिचा खरखराट दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचा आणि दुपारी झोपलेली एखादी आजी खिडकीत येऊन पोरांचा उद्धार करायची.

हीच गाडी जगाच्या पाठीवर ठिकठिकाणी, एकमेकांना न विचारता, जन्मली आहे. ब्राझीलमध्ये ती आहे, पोर्तुगालमध्ये आहे, कोलंबियात मेडेयीनच्या डोंगराळ रस्त्यांवर तिच्या शर्यती लागतात. अमेरिकेत तिला साबणाची लाकडी खोकी मिळाली, म्हणून तिथे ती सोप बॉक्स. १९३३ साली ओहायो राज्यातल्या डेटन शहरात मायरन स्कॉट नावाच्या वृत्तपत्र-छायाचित्रकाराला काही मुलं एका उतारावर घरी बनवलेल्या गाड्या पळवताना दिसली. त्याने फोटो काढले आणि मुलांना म्हटलं, अजून पोरं घेऊन या, बक्षीस ठेवतो. त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या शर्यतीला ३६२ मुलं हजर झाली. पुढच्या वर्षी तिला राष्ट्रीय रूप आलं. १९३५ मध्ये उतार हवा म्हणून ती त्याच राज्यातल्या ॲक्रनला हलली, आणि १९३६ मध्ये मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेच्या मजुरांनी तिथे खास ह्या शर्यतीसाठी एक उतार बांधून दिला. बेकारीच्या दिवसांत मुलांच्या खेळासाठी सरकारने टेकडीला आकार द्यावा, ही गोष्ट मला फार आवडते. मुलींना मात्र १९७१ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि १९७५ मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलीने राष्ट्रीय शर्यत जिंकून दाखवली.

मुंबईतही २०१२ साली वांद्र्याला माउंट मेरीच्या उतारावर अशी शर्यत झाली होती, पण ती मोठ्यांची. तिथे वेगाइतकेच गुण सोंगाला आणि कल्पकतेला. मला इथे बोलायचंय ते पोरांच्या शर्यतीबद्दल, जिच्यात सोंग नाही, फक्त कोण आधी खाली पोचतो एवढाच प्रश्न.

बोरीवलीत उतार आहे कुठे, असं पश्चिमेकडचा माणूस विचारील. गोराईच्या खाडीकडे जाणारी सगळी वस्ती सपाट. पूर्वेला मात्र जमीन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांकडे चढत जाते. दहिसर नदी तुळशीकडून वाहत येते ती ह्याच उताराने. उद्यानातला कान्हेरीचा रस्ता पाहून गाडीवाल्या कुठल्याही पोराचा जीव खालीवर होतो, पण तो जंगलातला रस्ता. बिबट्याच्या वाटेवर खडखडाट करत सुटायचं नसतं. कान्हेरीच्या भिक्खूंनी तेवढा ह्या डोंगराचा फायदा फार पूर्वीच करून घेतला. खडकात पन्हळी कोरून पावसाचं पाणी लेण्यालेण्याच्या टाक्यांत आणून सोडलं, ना रहाट ना मोट.

बाकी रस्त्यांचे उतार दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारींनी केव्हाच गिळले. मग पोरांनी काय करावं? त्यांना नवा उतार मिळाला तो बिल्डरकडून. जुन्या चार मजली इमारती पाडून टॉवर उभे राहिले, त्यांच्या पोटात पोडियम पार्किंग आलं, आणि पोडियमवर चढायला रॅम्प आला. साधारण एका मजल्याचा, तीन मीटर उंचीचा. आठ मीटरला एक मीटर चढ धरला तर चोवीस मीटर लांबीचा. सेक्रेटरींना गाठून रविवारी सकाळी दोन तास मोटारी खाली ठेवायला लावल्या, वॉचमनकाकांना गेट बंद करायला सांगितलं, की ॲक्रनच्या टेकडीची धाकटी बहीण तयार.

आता खरी गंमत सुरू होते. शर्यत लागण्याआधीच, गाडी रॅम्पच्या माथ्यावर नेऊन ठेवली त्या क्षणी, तिची सगळी कमाई संपलेली असते. पुढे एक कणही वाढायचा नाही. तीन मीटर उंचीवर चढवताना जेवढी ऊर्जा तिच्यात भरली गेली तेवढीच तिला खाली मिळणार. काहीही वाया गेलं नाही तर तिचा खालचा वेग ताशी साधारण २८ किलोमीटर. मुलगा असो, मुलगी असो, गाडी सागाची असो की खोक्याच्या फळ्यांची, कमाल वेग हाच. हा वेग दुप्पट हवा तर उंची दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते. चार मजले चढा, तेव्हा कुठे ५५. उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वेग वाढतो, असं शाळेत फळ्यावर लिहिलेलं असतं. पण ते समीकरण पोराला पटतं ते पहिल्यांदा अर्ध्या रॅम्पवरून सुटल्यावर. अर्ध्या उंचीवरूनही खाली पूर्णाच्या सत्तर टक्के वेग मिळतो, आणि त्याला वाटलेलं असतं की निम्माच मिळेल.

मग सगळ्यांना सारखंच मिळत असेल तर जिंकतं कोण? जो सर्वांत कमी वाया घालवतो तो. शर्यतीच्या तयारीचे चार दिवस म्हणजे गळती शोधण्याचे चार दिवस. ह्या खेळात कुणी वेग बनवत नाही. सगळे आपापला वेग कुठून गळतोय ते हुडकत बसतात.

पहिली गळती चाकाच्या पोटात. लाकडी आसावर लाकडी चाक फिरवलं तर ते घासतं, आणि वंगण घातलं तरी अंगावरच्या भाराच्या साधारण दहाव्या हिश्शाचा विरोध उरतो. बॉल बेअरिंगमध्ये तोच विरोध हजारात दीडच्या आसपास. साठेक पट कमी! कारण तिथे काही घासतच नाही, छरे गडगडतात. ६२०३ मध्ये असे आठ छरे असतात. चाकाऐवजी बेअरिंगच लावलं असल्याने इथे आतलं कडं दांड्यावर गच्च बसलेलं असतं आणि बाहेरचं कडं थेट सिमेंटवर पळत असतं. ४० मिलिमीटरचं कडं, ताशी २० चा वेग, म्हणजे सेकंदाला चव्वेचाळीस फेऱ्या. मधले छरे मात्र तेवढ्या वेगाने फिरत नाहीत. एक बाजू थांबलेली आणि दुसरी पळणारी, ह्यांच्यामध्ये सापडल्याने त्यांची रांग निम्म्याहून थोड्या जास्त वेगाने आपली प्रदक्षिणा घालत राहते. उघड्या बेअरिंगवर नेलपॉलिशचा एक ठिपका बाहेरच्या कड्यावर आणि एक छऱ्यांच्या पिंजऱ्यावर लावा आणि बोटाने सावकाश फिरवा. कड्याचा ठिपका एक फेरी पुरी करतो तेव्हा पिंजऱ्याचा ठिपका अर्ध्याच्या जरा पुढे पोचलेला असतो.

आणि हे छरे किती गोल असतात? चांगल्या बेअरिंगमधल्या छऱ्याचा गोलपणा मायक्रॉनच्या अंशांत मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. घरातल्या कुठल्याही वस्तूत, दागिन्यात, घड्याळाच्या काचेत, भांड्यात, एवढा बिनचूक आकार सापडायचा नाही. ज्या घरात टेबलाचे चार पाय कधी एका वेळी जमिनीला टेकले नाहीत, त्या घरात भंगारात मिळालेल्या बेअरिंगमध्ये ही अचूकता निमूट लोळत असते.

असा गोल बनवायचा कसा, ह्यावर मी बरेच दिवस चक्रावलेलो होतो, कारण लेथवर तो होत नाही. लेथला एक अक्ष लागतो, आणि गोलाला ठरलेला अक्ष नसणं हेच तर त्याचं गोलपण. उत्तर आजीच्या हातात होतं. लाडू वळताना ती तो दोन तळव्यांमध्ये एकाच दिशेने फिरवत नाही, सतत दिशा बदलते, आणि जिथे उंचवटा असेल तिथेच दाब जास्त पडून तो आपोआप दबतो. कारखान्यातही हेच. पोलादी तारेचे तुकडे कापतात, साच्यात ठोकून त्यांचे ओबडधोबड गोळे करतात. गोळ्याच्या कमरेला मेखलेसारखी एक कड राहिलेली असते. मग खोबणी पाडलेल्या दोन जड तबकड्यांमध्ये असे हजारो गोळे एकदम टाकून गडगडवतात. कुठला गोळा कुठल्या अंगावर वळेल ह्याचा नेम नसतो, आणि त्या नेम नसण्यातूनच नेमकेपणा येतो. मध्ये एकदा तापवून पाणी देतात, मग अधिकाधिक बारीक घासकाम, शेवटी पॉलिश. जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रीडरिश फिशर नावाच्या गृहस्थाने १८८३ साली असे छरे घासणारं यंत्र केलं आणि तोवर महागडी असलेली ही चीज सायकलीत, शिलाई यंत्रात, सगळीकडे शिरली.

बेअरिंगची ख्यातीही एका शर्यतीतूनच पसरली. वेल्समधल्या फिलिप व्हॉन ह्याने घोडागाडीच्या आसासाठी १७९४ मध्येच पेटंट घेतलं होतं, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. नोव्हेंबर १८६९ मध्ये पॅरिस ते रुआं अशी सायकलींची लांब पल्ल्याची शर्यत झाली, ती जेम्स मूर ह्याने जिंकली. त्याच्या सायकलीत बॉल बेअरिंग होती. मग सगळ्यांनाच ती हवीशी झाली. पुढे १९०७ मध्ये स्वीडनच्या योतेबोरीत एका कापड गिरणीतल्या स्वेन विंगक्विस्ट ह्या इंजिनियरने, जमीन खचून गिरणीचे शाफ्ट वाकडे होतात आणि बेअरिंग सारखी जातात म्हणून वैतागून, वाकड्या शाफ्टलाही जुळवून घेणारं बेअरिंग शोधलं. त्यातून एसकेएफ ही कंपनी उभी राहिली, जिचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे. गिरण्यांच्या मुंबईत पोरांच्या हाती हे खेळणं आलं, त्याचा एक धागा असा दूरच्या एका गिरणीतून येतो.

आता प्रत्यक्ष काम. गॅरेजमधून आणलेल्या बेअरिंगमध्ये जुनं ग्रीस असतं, काळं, घट्ट, धुळीचं पीठ मिसळलेलं. हल्ली घरात रॉकेल नसतं, म्हणून मिस्त्रीकडूनच पत्र्याच्या डब्यात थोडं डिझेल घ्यायचं, बेअरिंग रात्रभर बुडवून ठेवायचं, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायचं. काळं पाणी निघणं थांबलं की फडक्यावर वाळवायचं आणि शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. बेअरिंगच्या नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चकत्या आहेत. त्या आतल्या कड्याला टेकत नाहीत, राहू द्याव्या. आरएस असेल तर रबराच्या. त्या धूळ उत्तम अडवतात, पण त्यांचा ओठ आतल्या कड्याला घासत राहतो. हाताने फिरवून बघा, कळतं. आणि एक गोष्ट कुणी हौसेने करतं म्हणून सांगून ठेवतो: धुतलेल्या बेअरिंगवर कॉम्प्रेसरची हवा मारून ते शिट्टी वाजवत फिरवायचं नाही. वंगणाशिवाय तेवढ्या वेगाने फिरलं की ते फुटू शकतं, आणि छरे बंदुकीच्याच चालीने बाहेर येतात.

अशाच एका गॅरेजसमोर पायरीवर बसून सातवीतला एक मुलगा आणि त्याची धाकटी बहीण दांड्यावर बेअरिंग चढवत होती. जुन्या दाराच्या चौकटीचा तुकडा, टोकाशी करवतीने आणि कानशीने गोल केलेला, भोकापेक्षा जरासा जाड ठेवलेला. मुलाने बेअरिंग ठेवलं आणि हातोडा उचलला. मिस्त्री आतून ओरडला, "अरे बाहेरच्या कड्यावर नको! पाइप घे, आतल्या कड्यावर धर, मग मार." हे असं का, ते बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. बाहेरच्या कड्यावर घाव बसला की तो छऱ्यांमधून आत जातो. छरे आणि खोबणी एकमेकांना टेकतात त्या जागा जेमतेम टाचणीच्या टोकाएवढ्या, सगळा घाव तेवढ्या जागेवर. खोबणीत आठ बारीक खळगे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला कुरकुर जाणवते, आणि उतारावर प्रत्येक फेरीला थोडा वेग त्या खळग्यांत जातो. मुलीने पाइपचा तुकडा धरला, भावाने चार बेताचे घाव घातले, मग दांड्याच्या तोंडाला चीर देऊन तिच्यात पाचर ठोकली. लाकूड फुगलं, बेअरिंग जागचं हलेना.

दुसरी गळती वाकडेपणाची, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी. मागचा दांडा फळीशी एक अंशानेही तिरका बसला, तर गाडी सरळ जाते पण चाकं तिरकी पाहतात. एका अंशामागे दर मीटरला सतरा मिलिमीटर आडवं घसटणं. चोवीस मीटरच्या रॅम्पवर चाळीस सेंटिमीटरहून जास्त अंतर गाडी बाजूला फरफटत नेल्यासारखं झालं. बेअरिंग कितीही छान धुतलेलं असलं तरी ह्या फरफटीला त्याचा इलाज नाही. तपासायची युक्ती सुतारांची: सुतळी घ्यायची, पुढच्या डाव्या चाकापासून मागच्या उजव्यापर्यंत मापायचं, मग उलटा कर्ण मापायचा. दोन्ही सारखे आले की खिळे पक्के करायचे.

तिसरी गळती रस्त्यात. रॅम्पवर मोटारींचे टायर घसरू नयेत म्हणून आडव्या खाचा पाडलेल्या असतात, आणि छोट्या चाकाला त्या फार छळतात. आठ मिलिमीटरचा खडाच घ्या. सायकलच्या चाकाला तो चढायला अंगावरच्या भाराच्या पाचव्या हिश्शाइतका जोर पुरतो. ४० मिलिमीटरच्या बेअरिंगला तोच खडा चढायला भाराच्या सव्वापटीहून अधिक जोर लागतो. म्हणजे चढतच नाही, गाडी जागीच अडते आणि वरचा स्वार पुढे जातो. शर्यतीच्या सकाळी सगळ्यांत महत्त्वाचं अवजार म्हणजे खराटा, हे मी गमतीने म्हणत नाही. काही पोरं सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं कापून बेअरिंगवर ताणून चढवतात. आवाज कमी होतो, पहिल्या मजल्यावरच्या काकू समाधानी, वळणावर पकडही मिळते. पण रबर दर फेरीला दबतं आणि सुटतं, आणि दबताना घेतलेली ऊर्जा सुटताना पूर्ण परत देत नाही. बाकीची रबर तापण्यात जाते. सरळ रॅम्पवर नागडं लोखंडच पळतं.

चौथी गळती हवेची, आणि इथेच गल्लीतलं सनातन भांडण येतं: जाड्या पोराची गाडी जास्त पळते का? गॅलिलिओने उतारावर गोळे सोडून पाहिले, कारण उतारावर पडणं संथ होतं आणि मोजता येतं. हवा सोडली तर वजनाने काही फरक पडत नाही, हे खरं. पण हवा सोडायची कशी? सरळ बसलेल्या मुलाला रॅम्पच्या पायथ्याशी हवा साधारण दीड किलोच्या जोराने मागे रेटते. हा रेटा मुलाच्या आकारावर अवलंबून, वजनावर नाही. मग ज्याच्या मागे वजन जास्त, त्याच्या वेगाचा कमी टक्का ह्यात जातो. पोरं म्हणतात ते बरोबरच आहे. म्हणूनच ॲक्रनच्या शर्यतीत गाडी आणि स्वार मिळून वजनाची मर्यादा असते. लहानांच्या गटात २०० पौंड, म्हणजे साधारण ९१ किलो, आणि हलक्या मुलाच्या गाडीत वजनं ठेवून ती मर्यादा गाठायची मुभा असते. रॅम्पवरही ते जमतं: आंघोळीची बादली, भाजीवाल्याचा काटा, पाण्याच्या बाटल्या. बाटल्या मागच्या बाजूला बांधाव्यात. मागचं वजन सुरुवातीला रॅम्पवर जास्त उंच असतं, म्हणून खाली येईपर्यंत ते जास्त पडतं. मात्र फार मागे नेलं तर पुढची चाकं हलकी होऊन सुतळी ओढली तरी गाडी ऐकत नाही. आणि पाण्याची बाटली अर्धी भरलेली नको, डुचमळतं.

हवेला चुकवण्याचा फुकटचा उपाय म्हणजे अंग चोरून बसणं, जमलं तर आडवं होणं. हात पसरून 'हुर्रे' ओरडणाऱ्याला मी खाली पहिला आलेला पाहिलेला नाही.

कमाईत भर घालता येत नाही, हा नियम मोडायचाही एकदा प्रयत्न झाला. १९७३ च्या ॲक्रनच्या शर्यतीत कोलोरॅडोतल्या बोल्डरचा चौदा वर्षांचा मुलगा जिंकला. सुरुवातीलाच तो इतरांच्या पुढे झेपावत होता, आणि नंतर फेरीगणिक त्याचा वेळ वाढत गेला, तेव्हा शंका आली. गाडीचा एक्स-रे काढला. नाकात विद्युतचुंबक होता. सुरुवातीला गाड्यांना अडवून धरणारी लोखंडी पट्टी पुढे पडताना चुंबक तिच्यामागे ओढला जायचा आणि गाडीला फुकटचा झटका मिळायचा. डोकं मागे टेकवलं की बटण दाबलं जाई. ही अक्कल मुलाच्या इंजिनियर मामाची निघाली. विजेतेपद काढून घेतलं गेलं. मला वाईट वाटतं ते मुलाचं. एवढ्या हुशार मामाला कर्ण मापायची सुतळी का आठवली नाही?

उरला न्याय. रॅम्पच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. एकीकडे पावसाचं पाणी जायला किंचित ढाळ, दुसरीकडे मोटारींनी गुळगुळीत केलेला पट्टा. अमेरिकेत ह्यावर सुरेख तोड काढली आहे: जोडी दोनदा पळवायची, दुसऱ्या वेळी बाजू बदलायच्या, चाकंही आपसांत बदलायची, आणि दोन्ही धावांमधल्या फरकांची बेरीज करून जिंकणारा ठरवायचा. चाकाचं आणि बाजूचं भाग्य दोन्हीकडून वजा होतं, उरते ती गाडी आणि स्वार. बेअरिंग पाचर मारून बसवलेली असल्याने आपल्याला चाकं बदलता येत नाहीत, पण बाजू बदलता येतात. मोबाइलवर सावकाश गतीची फीत काढली तर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतही भांडता येतं. पोरं तेवढं भांडतातच.

रविवारची यादी मग फार लांब नाही. हेल्मेट, कोपर-गुडघ्यांची पॅडं, बंद बूट. पायथ्याशी रॅम्पइतकीच मोकळी सपाट जागा, तिच्या टोकाला जुन्या गाद्या आणि वाळूची पोती. एक मोठं माणूस गेटवर, एक पायथ्याशी, आणि झेंडा पडल्याशिवाय कुणी सुटणार नाही. शर्यत जूनच्या आत उरकायची, कारण ओल्या सिमेंटवर लोखंडी कडं साबणासारखं सरकतं, आणि पावसात भिजलेली बेअरिंग दोन दिवसांत गंजून बसतात.

शेवटचा हिशेब टाचेचा. मुलगा, फळी, बाटल्या सगळं मिळून पन्नास किलो धरलं तर तीन मीटरवरून त्याच्यापाशी सुमारे १,४७० ज्यूल ऊर्जा असते. थोडी हवेत गेली, थोडी खडखडाटात, थोडी फरफटीत, आणि उरलेली सगळी पायथ्याशी टाच टेकवल्यावर बुटात. ती सगळी पाव लिटर पाण्यात घातली असती तर पाणी जेमतेम दीड अंशाने तापलं असतं, चहाला काही उपयोग नाही. पण टाचेखालच्या रुपयाएवढ्या रबरात तिच्यातली बरीचशी दोन-तीन सेकंदांत उतरते, म्हणून तिथे जळका वास येतो, आणि म्हणूनच शर्यतीच्या दिवशी शाळेचे नवे बूट घालायला आई कुणालाच देत नाही.